खुर्चीवरचं नाव

भय्यासाहेबांच्या हाती एकदा माईक लागला की तो परत मिळवायला घरातलं एक माणूस नेमावं लागायचं. खानझोड्यांच्या घरातल्या प्रत्येक लग्नामुंजीत ही ड्यूटी केतनची असे, कारण मामा त्याचे. आजही होती, पण केतन हॉलच्या दारात समोसेवाल्याशी फोनवर भांडण्यात गुंतला होता. तेवढ्यात मामा 'हॅलो, माईक चेक'वरून निघून, आपण टेलिफोन खात्यात असताना शहपुऱ्याला लाइन कशी ओढली, इथवर पोचले होते.

"माईकमामा," केतनची बायको समिधा मनाशी म्हणाली.

हे नाव तिच्या मुलानं, आल्हादनं, ठेवलेलं. तो सगळ्यांची नावं ठेवायचा. डोक्यातल्या गाठीचंही त्यानंच ठेवलं होतं, किराएदार. "डॉक्टर अंकल, आज किराएदार ने बहुत हल्ला किया," असं तो राउंडवर आलेल्या डॉक्टरांना सांगायचा, आणि डॉक्टर चष्मा सारखा करून विचारायचे, "भाड़ा देता है कि नहीं?" शेवटी किराएदारानं मालकालाच घराबाहेर काढलं. त्याला दीड वर्ष झालं.

आता मालक स्टेजवर फ्रेममध्ये होता. टक्कल, डोळ्यांवर बापाचा गॉगल, जीभ अर्धी बाहेर, गळ्यात झेंडूचा हार. सासूबाईंना, शैलजाबाईंना, शाळेच्या टायमधला फोटो हवा होता. "तो कोणाचा पण वाटतो," एवढंच समिधा म्हणाली होती. सगळ्या कार्यक्रमात तिची अट तेवढी एक.

खरं तर तिचं आणखीही काही होतं, पण ते कार्यक्रमपत्रिकेवर येण्यासारखं नव्हतं. ऑपरेशननंतर आल्हादला पाठ सावरून बसता येईना, तेव्हा तिच्या सासऱ्यांनी, रत्नाकररावांनी, अंगणात वेल्डिंग करून त्याला खुर्ची बनवून दिली होती. दोन्ही बाजूंनी आधार, छातीला पट्टा, पायांना फळी, समोर सरकणारा ट्रे. फॅक्टरीत ट्रकांच्या चासी जोडण्यात त्यांचा जन्म गेलेला, त्यामुळे ती खुर्ची भूकंपातही हलली नसती. फिजिओथेरपीवाल्यांनी ती पाहिली आणि म्हणाले, अशा अजून बनवाल का? मेंदूज्वरातून उठलेली मुलं, गाठ काढलेली मुलं, गाडीवरून डोक्यावर पडलेली मुलं. आईबाप त्यांना उशा लावून, नाहीतर ओढणीनं बांधून बसवतात. त्यातून हा कार्यक्रम निघाला. खुर्च्या, वॉकर, जाड मुठीचे चमचे. माप प्रत्येक मुलाचं वेगळं, आणि ती मापं टेप घेऊन घरोघर जाऊन समिधानं घेतलेली. गुडघ्यापासून टाचेपर्यंत, कमरेपासून काखेपर्यंत. मुलांना हात लावण्याचं एक निमित्त, असं ती स्वतःशीसुद्धा कबूल करत नसे.

म्हणून पनागरच्या ममतानं मागून हाक मारली तेव्हा ती हसतच वळली.

"दीदी, कुर्सी तो एकदम बढ़िया है. बिट्टी के पाँव भी बराबर टिक रहे. पर हम ले नईं जा पाएँगे."

"काय? बेल्ट चुभ रहा?"

"नईं. वो आगे लिखा है न."

"क्या लिखा है?"

ममतानं तिच्याकडे नीट पाहिलं. "आपने नईं देखा?"

समिधा वाकली. ट्रेच्या कडेला, मुलाच्या अगदी नाकासमोर, स्टीलची चकचकीत पट्टी होती. भांड्यांवर मशीननं टिंब टिंब करून नाव घालतात, तशी अक्षरं. 'स्वर्गीय आल्हाद केतन खानझोडे की स्मृति में'.

काल संध्याकाळपर्यंत ही पट्टी नव्हती. आणि या क्षणापर्यंत समिधानं 'स्वर्गीय' आणि 'आल्हाद' हे दोन शब्द शेजारी शेजारी कुठंही वाचलेले नव्हते. निमंत्रणपत्रिकांचा गठ्ठा घरात आला तेव्हा तिनं तो फ्रिजवर ठेवून दिला होता.

"बुरा मत मानना दीदी," ममता म्हणाली. "दिमागी बुखार में ये सब भूल गई थी. अ से अनार तक. अब पढ़ना लौटा है तो रुकती नईं. बस का बोर्ड, बिस्कुट का पुड़ा, दवाई की शीशी, सब. डॉक्टर साब बोले, पढ़ने दो, टोकना मत. ये रोज सामने रहेगा तो रोज पूछेगी, स्वर्गीय माने क्या. रोटी खाते-खाते पूछेगी. कित्ती मुश्किल से तो वहाँ से खींच के लाए हैं इसको. अब वहीं का बोर्ड लगा दूँ सामने?"

खुर्चीत बसलेल्या सात वर्षांच्या बिट्टीनं मान पुढं काढली होती. "स्व... र..."

ममतानं झटकन पट्टीवर पदर टाकला.

"मम्मी. हाथ. हटा." बिट्टीचे शब्द एकेक करून येत, पण हुकूम पूर्ण होता.

समिधानं आजूबाजूला पाहिलं. एका आईनं ट्रेवर रुमाल पसरला होता. पलीकडचे वडील मुलाला पट्ट्यातून सोडवून कडेवर घेत होते, आणि कोणी पाहू नये अशा बेतानं खुर्ची भिंतीकडे सरकवत होते. फुकट मिळालेली वस्तू परत ठेवताना माणसं किती अदबीनं वागतात, ते पाहून तिला गलबलून आलं.

"पाँच मिनट रुको," ती म्हणाली. "जाना मत. तुम्हें मेरी कसम."

*

स्टेजमागच्या खोलीत मंडळाच्या गणपतीची मखरं, हार्मोनियमचं खोकं आणि सगळे खानझोडे एकदमच मावले. शैलजाबाई पेढ्यांचं ताट मांडीवर घेऊन बसल्या होत्या आणि आपल्यावर खटला चालणार हे त्यांना कळलं होतं.

"कोणाच्या डोक्यातून निघालं हे?" नागपूरहून आलेल्या त्यांच्या लेकीनं, प्रणोतीनं, विचारलं.

"कोणाच्या म्हणजे? वस्तू देताना नाव घालायचं नाही? तुझ्या लग्नात चटणीची वाटी तरी बिननावाची दिली होती का मी?"

"त्या वाटीवर तुझं नाव आहे आई, अन् तू धडधाकट बसून राहिली इथं. तरी माझ्या सासूनं ती वाटी मागच्या फळीवर टाकली."

"शैलाचं काही चुकलं नाही," भय्यासाहेब बहिणीच्या बाजूनं उभे राहिले. माईक हातात नसल्यानं त्यांना हातांचं काय करावं ते सुचत नव्हतं. "मी आधी 'कै.' सुचवलं होतं. पण इथली हिंदी मंडळी 'कै.'चं कैलाश वाचतात. उद्या म्हणतील कैलाश आल्हाद. म्हणून पूर्ण 'स्वर्गीय' घातलं. अर्थ स्पष्ट झाला पाहिजे."

"झाला नं स्पष्ट. लोकं उठून चालले."

"बाबा," केतन वळला, "रिव्हेट तुम्ही मारले. तुम्हाला वाचता नाही आलं?"

रत्नाकरराव स्टुलावर बसून बूट पाहत होते. "प्लेट आली, ठोकली. फॅक्टरीत कोणी प्लेट वाचत नसते."

"ही फॅक्टरी होती का?"

"हात तेच आहेत नं," ते म्हणाले.

"काढा त्या पट्ट्या," समिधा म्हणाली. "सगळ्या."

"सगळ्या?" शैलजाबाईंनी ताट खाली ठेवलं. इतका वेळ त्यांचा आवाज भांड्यांच्या दुकानातला होता, तो बदलला. "हेच पाहिजे होतं तुला. दीड वर्ष झालं समिधा, घरात त्याचं नाव घ्यायची चोरी झाली आहे. मी घेतलं की तू उठून आत जाते. हा टीव्हीचा आवाज वाढवते. हे पंख्याकडे पाहत बसतात. नातू होता का भाडेकरू होता तो? माणूस जाते, पण वाटी राहते. वाटी धुताना बाई म्हणते, ही कुसुमआत्याची. कोण कुसुमआत्या कोणाला माहीत नसते, पण नाव तर निघते नं तोंडातून! मी म्हटलं, घरचे नाही घेत तर न घेवो. चार परक्या घरी तरी कोणी वाचील."

बाहेर कोणीतरी 'हॅलो, हॅलो' करत होतं. बहुतेक माईक एखाद्या मुलाच्या हाती लागला होता.

प्रणोती हार्मोनियमच्या खोक्यावर आईच्या शेजारी येऊन बसली. मघाशी ती वहिनीच्या बाजूनं आली होती. आता कोणत्या बाजूनं आहे ते तिलाही ठाऊक नव्हतं. "आई, काहून रडते? तुझा पावडर निघून राहिला."

"निघू दे."

समिधा दाराला टेकून उभी होती. सासूबाईंनी नाव घेतलं की आपण आत जातो, हे खरंच होतं. पण आत गेल्यावर आपण काय करतो, ते या खोलीत कोणालाच माहीत नव्हतं. ती त्याच्या कपाटाचं दार उघडायची, बंद करायची. त्या दाराच्या कुरकुरीला तो 'दादी की डकार' म्हणायचा.

"मला त्याचं नाव नको असं नाही, आई," ती म्हणाली. "मला तो पहिला शब्द नको. तो सहन होत नाही मला."

"पण शब्दात चूक काय आहे?" भय्यासाहेब म्हणाले. "स्वर्गीय म्हणजे स्वर्गात वास करणारा."

"स्वर्गात?" केतन अचानक म्हणाला. "आल्हाद? तिथं ॲडमिशन दिली असेल त्याला?"

खोलीतल्या सगळ्या माना वळल्या. दीड वर्षात बापाच्या तोंडून ते नाव निघालेलं कोणी ऐकलं नव्हतं, आणि ते असं, थट्टेत निघेल असं तर कोणाला वाटलंच नव्हतं. स्वतः केतनलाही नाही. पण आता थांबलो तर हुंदका येईल, हे ओळखून तो तसाच पुढं बोलत राहिला. "आठ दिवसांत देवाचं नाव ठेवलं असेल काहीतरी. अप्सरांना दीदी म्हणून चिप्स मागितले असतील. तिथल्या प्रिन्सिपलनं घरी चिठ्ठी पाठवली असती, पालकांनी येऊन भेटावं."

प्रणोतीला हसू फुटलं. रत्नाकररावांचे खांदे हलायला लागले. शैलजाबाई पदर तोंडाला लावून "मेल्या, काहीही बोलते" म्हणाल्या आणि पदराच्या आतच हसल्या.

"गेले असते मी," समिधा म्हणाली.

"कुठं?"

"प्रिन्सिपलला भेटायला. चिठ्ठी आली असती तर लगेच गेले असते."

कोणी हसलं नाही, पण कोणी पंख्याकडेही पाहिलं नाही. रत्नाकरराव उठले. त्यांनी गुडघे झटकले आणि सुनेजवळून जाताना नुसती तिच्या डोक्यावर टपली मारली, नातवाला मारायचे तशी.

"ग्राइंडर गाडीत आहे," ते म्हणाले. "रिव्हेट उपटले तर ट्रेला भोकं पडतील. पण अक्षरं वरवरची आहेत. 'स्वर्गीय' तेवढं घासून टाकतो. 'स्मृति में' पण. मधलं नाव ठेवतो."

"अहो पण," भय्यासाहेबांनी हात वर केला, "तेवढंच ठेवलं तर लोकांना वाटेल खुर्ची त्याची आहे!"

"त्याचीच आहे," समिधा आणि शैलजाबाई एकदम म्हणाल्या.

मग दोघी एकमेकींकडे पाहून जरा ओशाळल्या. इतक्या वर्षांत पोळ्यांच्या जाडीवरही त्यांचं एकमत झालं नव्हतं.

"आधी त्या बाईला तर विचारा," प्रणोती म्हणाली.

समिधा विचारून आली. नाव राहिलं तरी चालेल का, सिर्फ नाम? ममतानं एका दमात सांगितलं होतं, "हओ, नाम से क्या दिक्कत. बिट्टी के सारे स्वेटर जेठानी के लड़के के हैं, कॉलर पे उसी का नाम कढ़ा है. बड़े भाई की चीज तो चलती है, दीदी."

"चला," शैलजाबाई उठल्या. "पण आडनाव राहू द्या हो. खानझोडे राहिलं पाहिजे."

"बघतो," रत्नाकरराव म्हणाले. चाळीस वर्षांच्या संसारात 'बघतो'चा अर्थ काय होतो ते शैलजाबाईंना ठाऊक होतं, पण आज त्यांनी वाद वाढवला नाही.

*

ग्राइंडर सुरू झाला आणि त्याच मुहूर्तावर प्रमुख पाहुणे आले.

रत्नाकररावांनी त्यांना पाहिलं नाही. त्यांनी स्टेजच्या खाली, प्लगजवळ, वर्तमानपत्र अंथरून दुकान मांडलं होतं. एकेक खुर्ची केतन आणून देई, ते पट्टीवर चाक टेकवत, ठिणग्यांचा झोत उडे, आणि 'स्वर्गीय'वर एक स्वच्छ, पाण्यासारखी चमक उरे. खुर्च्यांतून उतरवलेली मुलं आईबापांच्या मांडीवर गोल करून बसली होती आणि प्रत्येक झोताला जमेल तशा टाळ्या वाजवत होती. कोणाचे दोन्ही हात जुळत, कोणाचा एक हात मांडीवर आपटे.

"आज इस पावन अवसर पर," भय्यासाहेब माईकमध्ये म्हणाले.

घर्रर्र.

"एक पुण्यात्मा बालक की..."

घर्रर्र.

"रत्नाकर, दोन मिनिटं!"

"झालंच," रत्नाकरराव म्हणाले आणि पुढची खुर्ची ओढली.

प्रमुख पाहुण्यांनी शेजारी बसलेल्या प्रणोतीला हळूच विचारलं, "ये आतिशबाजी भी प्रोग्राम में है?"

"हमारे यहाँ परंपरा है जी," प्रणोतीनं बिनदिक्कत सांगितलं.

ट्रेवर वाकलेल्या रत्नाकररावांना हे काही ऐकू येत नव्हतं. जन्मभर त्यांनी ड्रॉइंगप्रमाणे काम केलं होतं. ड्रॉइंगमध्ये नसलेली रेघ मारली तर माल रिजेक्ट व्हायचा. आता पहिल्यांदाच त्यांच्यापुढं ड्रॉइंग नव्हतं. डावीकडून 'स्वर्गीय' गेलं. उजवीकडून 'की स्मृति में' गेलं. मग चाकाचा वेग आवरेना की आवरावासा वाटेना, 'खानझोडे' गेलं, 'केतन'ही गेलं. लेकानं ते पाहिलं आणि तो पुढची खुर्ची आणायला वळला. पट्टीवर एकटं त्याचं नाव उरलं. पहिल्या खुर्चीला ते चुकून झालं असेल. पुढच्या सगळ्यांना त्यांनी ते मुद्दाम तसंच केलं. प्रत्येक वेळी शेवटी ते अंगठ्यानं पट्टी पुसत, कुठं धार राहिली का बघत, आणि त्या निमित्तानं अंगठा त्या अक्षरांवरून जरा जास्त वेळ फिरे.

भय्यासाहेबांनी ग्राइंडर थांबायची वाट पाहिली, पाहिली, आणि आयुष्यात प्रथमच आपणहून माईक खाली ठेवला.

*

आडनाव गेल्याचं शैलजाबाईंना पेढे वाटताना कळलं. त्यांनी ताट तसंच डाव्या हातावर तोललं आणि नवऱ्याचा समाचार घ्यायला निघाल्या. वाटेत बिट्टीची खुर्ची होती आणि खुर्चीसमोर समिधा उकिडवी बसून पायाचा पट्टा सैल करत होती. शैलजाबाई पाठीमागं थबकल्या.

बिट्टीनं ट्रेवर बोट ठेवलं होतं. बोट थरथरत होतं, पण अक्षर सोडत नव्हतं.

"आ," ती म्हणाली.

मग बोट पुढच्या अक्षरावर अडलं. ममतानं तोंड उघडलं आणि डॉक्टरांचं आठवून मिटलं.

"आ... ल..." बिट्टी रागावली. "ये. क्या. बनाया है?"

खरंच अवघड होतं ते. शाळेत बाईंनासुद्धा जमायचं नाही. हजेरीला त्या 'अल्लाद' म्हणायच्या. शैलजाबाईंना वाटलं पुढं व्हावं, आपण सांगावं. पण त्यांचे पाय तिथंच राहिले. उठून आत जायला समिधाला आज खोली नव्हती. चहूबाजूंनी खुर्च्या होत्या.

"ल के साथ ह है," समिधा म्हणाली. तिनं बोट त्या जोडाक्षराखाली ठेवलं. "ल्हा. बोलो."

"ल्हा."

"अब पूरा. आल्हाद."

दीड वर्षानं शैलजाबाईंनी ते नाव सुनेच्या तोंडून ऐकलं. त्यांच्या हातातल्या ताटातले पेढे एका बाजूला घसरले आणि त्यांनी ते सावरले नाहीत.

"आल्हाद," बिट्टीनं वाचलं आणि जिंकल्यासारखं वर पाहिलं. "कौन है?"

"मेरा बेटा."

"ये. उसकी कुर्सी है?"

"हाँ."

बिट्टीनं खुर्चीच्या दोन्ही बाजूंच्या आधाराकडे पाहिलं, पायांखालच्या फळीकडे पाहिलं. मालकी हक्काचा प्रश्न होता. घाई करून चालणार नव्हतं.

"वापस. माँगेगा?"

ममता "ए बिट्टी!" म्हणत पुढं झाली, पण समिधानं हातानंच तिला थांबवलं. तिनं खरोखर विचार केला. जसा तो विचारायचा आणि ती विचार करायची, तसा.

"माँग सकता है," ती म्हणाली. "उसका कोई भरोसा नहीं. माँगे तो बोल देना, तेरी मम्मी ने दी है."

बिट्टीनं उजवं कोपर उचलून ट्रेवर, नावाच्या बरोबर वर ठेवलं. डावं येईना. तिनं उजव्या हातानं त्याला धरून ओढत आणलं आणि पहिल्याशेजारी नीट बसवलं. मग दोन्ही कोपरांवर सगळा भार टाकून ती म्हणाली,

"नईं दूँगी."